ट्रेनस्पॉटिंग : टॉमीला कोणी मारले?

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एखाद्या तरी खोलीच्या भिंतीवर ते भित्तिपत्रक हमखास सापडते. नारिंगी पट्टा, आणि नखशिखान्त भिजलेला, स्वतःलाच मिठी मारून कुडकुडणारा एक हाडकुळा तरुण. हा कोण, असे विचारले की उत्तर येते, “रेंटन. भारी पिक्चर आहे, बघ.” मी पाहिला. पोट धरून हसले. मग टॉमी मेला, आणि माझ्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थिनीला एक प्रश्न पडला, ज्याचे उत्तर चित्रपटात नाही. टॉमीला कोणी मारले? आजचा धागा त्यावर.

(पुढे कथानक उघड होणार आहे. चित्रपट १९९६ चा आहे. तक्रारी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.)

आधी नावाचा उलगडा, कारण प्रत्येकजण तो विचारतो. रुळांशेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या इंजिनांचे क्रमांक वहीत टिपण्याचा ब्रिटिश छंद म्हणजे ट्रेनस्पॉटिंग. चित्रपटात कोणीही हे करत नाही. विनोदाचे मूळ आयर्विन वेल्श यांच्या १९९३ च्या कादंबरीत आहे. एडिंबरा शहराचे बंदर म्हणजे लीथ. तिथले लीथ सेंट्रल हे प्रचंड स्थानक १९५२ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाले. कादंबरीत त्या ओसाड स्थानकात एक दारुडा म्हातारा पोरांना विचारतो, काय रे, गाड्या बघायला आलात का? जिथे गाडी येणारच नाही अशा फलाटावर गाड्या पाहणे! शीर्षकाचा सगळा कडवटपणा या एका थट्टेत आहे. चित्रपटातून तो प्रसंग गळला. राहिले ते रेंटनच्या खोलीतल्या भिंतीवरचे आगगाड्यांचे कागद.

लीथ हे एकेकाळी स्वतंत्र नगर होते. १९२० मध्ये तिथल्या बहुसंख्य नागरिकांच्या इच्छेविरुद्ध ते एडिंबरामध्ये विलीन करण्यात आले. गोदी आणि जहाजबांधणी हा त्याचा प्राण. हेन्री रॉब हा तिथला मोठा जहाजबांधणी कारखाना १९८४ मध्ये बंद पडला. त्याआधीच, १९८२ मध्ये, ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. नेमक्या याच काळात, इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांच्यानंतर, त्या पट्ट्यातून स्वस्त तपकिरी हेरॉइन पश्चिम युरोपात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. काम गेले आणि माल आला. या दोन वाक्यांवर पुष्कळ लोक थांबतात आणि म्हणतात, झाले, व्यसनाचे स्पष्टीकरण मिळाले. मला ते अपुरे वाटते. त्यातून पोरे हेरॉइनकडे का वळली हे कळते, ती मेली का हे कळत नाही.

आता चित्रपट. दिग्दर्शक डॅनी बॉयल, पटकथाकार जॉन हॉज. हॉज स्वतः डॉक्टर, एडिंबरा विद्यापीठातच वैद्यकशास्त्र शिकलेले. खर्च सुमारे पंधरा लाख पौंड, म्हणजे चित्रपटसृष्टीच्या हिशेबाने चिल्लर. मार्क रेंटन, भाबडा स्पड, स्वतःवरच लुब्ध असलेला सिक बॉय, हेरॉइनला हात न लावणारा पण सर्वांत धोकादायक असा बेग्बी, आणि टॉमी. पहिल्याच दृश्यात प्रिन्सेस स्ट्रीटवर चोरीचा माल खिशातून सांडत पोरे पळतात, आणि पार्श्वभूमीला रेंटन सुखवस्तू संसाराची एक लांबलचक यादी वाचून ती नाकारतो. त्या यादीची सुरुवात त्या दशकातल्या एका लोकप्रिय घोषणेची खिल्ली आहे. आयुष्य निवडा, असे ती घोषणा सांगत असे. निवडा! लीथच्या पोरापुढे ताटात काय वाढले होते, हे मात्र घोषणेला ठाऊक नव्हते.

या चित्रपटावरचा सर्वांत जुना आक्षेप असा की तो व्यसनाला ग्लॅमर देतो. १९९६ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील उमेदवार बॉब डोल यांनी तो जाहीरपणे घेतला. पुढे त्यांनीच कबूल केले की आपण चित्रपट पाहिलेला नाही. हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ला सेन्सॉर मंडळाने ढीगभर काटछाट सुचवली, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर एकाच कटाने भागले. व्यसनी माणूस पडद्यावर रडला तर चालतो, विव्हळला तर चालतो. तो गमतीदार असला की समाजाची पंचाईत होते.

माझे मत उलट आहे. हसू काढून टाकले तर या चित्रपटाचे साधन म्हणून मोल निम्मे होईल. साधन हा शब्द मी इतिहासकाराच्या अर्थाने वापरते आहे. व्यसनी माणसे दफ्तरांत कुठे सापडतात? पोलिसांच्या नोंदीत, न्यायालयाच्या निकालात, रुग्णालयाच्या कागदात, मृत्यूच्या दाखल्यात. म्हणजे ती नेहमी दुसऱ्याच्या हस्ताक्षरात सापडतात, आणि त्या हस्ताक्षरात ती कधी विनोद करत नाहीत. प्रत्यक्षात ती दिवसभर विनोद करत असणार. पैसे कुठून आणायचे, कोणाला काय थाप मारायची, यात त्यांची कल्पकता पणाला लागे. स्पडच्या मुलाखतीचा प्रसंग आठवा. बेकारभत्ता टिकवायचा तर नोकरीसाठी प्रयत्न केल्याचे दिसले पाहिजे, आणि नोकरी लागता तर कामा नये. म्हणून तो उत्तेजक पदार्थ घेऊन मुलाखतकारांसमोर सुसाट बोलत सुटतो. आपण लोटपोट होतो. पण त्या पाच मिनिटांत त्या काळच्या बेकारभत्त्याच्या व्यवस्थेतला सारा देखावा उघडा पडतो. कुठलाही शासकीय अहवाल तो असा उघडा पाडणार नाही.

आणि तो स्कॉटलंडमधला सर्वांत गलिच्छ संडास! (ज्यांना जेवताना धागे वाचायची सवय आहे त्यांच्यासाठी: चित्रीकरणातली ती सगळी घाण चॉकलेटची होती.)

तर, टॉमी. या पाचांतला सुदृढ, निर्व्यसनी, डोंगर चढायला जाणारा तरुण. त्याची आणि मैत्रिणीची एक खासगी ध्वनिचित्रफीत रेंटन गंमत म्हणून पळवतो आणि त्या जागी फुटबॉलच्या गोलांची ठेवतो. प्रेक्षागृह हसते. मैत्रीण टॉमीला सोडते. खचलेला टॉमी रेंटनकडेच हेरॉइन मागतो, आणि रेंटन देतो. पुढे रेंटनची एचआयव्ही चाचणी निर्दोष येते, टॉमीची नाही. अखेर तो एका घाणेरड्या सदनिकेत मांजराच्या पिलाच्या विष्ठेतून झालेल्या संसर्गाने मरतो, कारण त्याच्या देहात प्रतिकारशक्ती उरलेली नसते. आपण मघाशी ज्या खोडीवर हसलो तिचे हे टोक. पटकथेची ही बांधणी निर्दय आहे आणि प्रामाणिकही. पण तिच्यामुळे टॉमीचे मरण दैवाच्या किंवा रेंटनच्या खात्यावर जमा होते.

माझे भांडण इथे सुरू होते.

एडिंबरातील म्युअरहाउस या गरीब वस्तीत रॉय रॉबर्टसन नावाचे डॉक्टर काम करत होते. हेरॉइन टोचून घेणाऱ्या रुग्णांत काविळीची साथ होती, म्हणून हेपॅटायटिस-बीच्या तपासणीसाठी घेतलेले रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. एचआयव्हीची चाचणी उपलब्ध झाल्यावर तेच जुने नमुने पुन्हा तपासले गेले. १९८६ च्या आरंभी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : १६४ जणांपैकी ८३ जण बाधित. ५१ टक्के. नमुन्यांवर तारखा असल्यामुळे विषाणू कधी शिरला हेही कळले : १९८३ च्या सुमारास. त्याच्या पुढच्या काही महिन्यांत तो वणव्यासारखा पसरला होता, कोणाला नाव ठाऊक होण्यापूर्वीच. शीतकपाटातल्या रक्ताच्या कुप्या हे दफ्तरखाने असू शकते, हे मला पहिल्यांदा तिथे समजले. वृत्तपत्रांनी या देखण्या शहराला युरोपची एड्सची राजधानी म्हणायला सुरुवात केली.

आता विचारा : एडिंबराच का? शेजारच्या ग्लासगोत हेरॉइन घेणारे अधिक होते, दारिद्र्यही अधिक होते. तरीही तिथे टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीचे प्रमाण कितीतरी कमी राहिले. मग फरक कशात होता?

सुईत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी एडिंबरात व्यसनाला आळा घालायचा म्हणून सिरिंजांचा पुरवठाच तोडण्याचे धोरण राबवले गेले. औषधविक्रेते त्या विकेनासे झाले, पोलीस अंगझडतीत सापडलेल्या जप्त करू लागले, आणि सिरिंज सापडणे हा संशयाचा पुरावा ठरू लागला. तर्क सरळ होता : सुई नाही, तर टोचणे नाही. प्रत्यक्षात टोचणे थांबले नाही. सुया तेवढ्या कमी झाल्या. सिरिंज जवळ बाळगणे धोक्याचे म्हणून माणसे एका खोलीत जमू लागली आणि एकच सिरिंज हातोहात फिरू लागली. अशा खोलीत विषाणूला आणखी काय हवे? ग्लासगोत सुया तुलनेने सहज मिळत राहिल्या.

या कथेतला विपर्यास इतिहासानेच रचून ठेवला आहे. त्वचेखाली औषध टोचण्याची सिरिंज वैद्यकात रूढ करणाऱ्यांतले एक प्रमुख नाव म्हणजे डॉ. अलेक्झांडर वूड. १८५३ च्या सुमारास त्यांनी तिचा प्रयोग केला, तो मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधे देऊन वेदना शमवण्यासाठी, आणि तो याच एडिंबरात. अफूपासून मॉर्फिन बनवणारे कारखानेही एकोणिसाव्या शतकापासून या शहरात होते. जगाला सुई देणाऱ्या नगरीने सव्वाशे वर्षांनी आपल्याच पोरांना ती नाकारली.

१९८६ च्या सप्टेंबरात डॉ. मॅक्लेलंड यांच्या अध्यक्षतेखालील स्कॉटिश समितीने अहवाल दिला. त्याचा गाभा त्या काळी धक्कादायक होता : व्यसनापेक्षा एचआयव्हीचा धोका मोठा आहे, म्हणून ज्यांचे टोचणे सुटत नाही त्यांना स्वच्छ सुया द्या. त्याआधीच्याच वर्षी सरकारने हेरॉइनविरुद्ध खोल गेलेल्या डोळ्यांच्या तरुणांची भीतिदायक भित्तिपत्रके देशभर लावली होती. पुढच्या वर्षी सुया बदलून देणारी केंद्रे सुरू झाली, मग तोंडाने घ्यायचे मेथाडोन देण्याची व्यवस्थाही वाढली, आणि टोचून घेणाऱ्यांतील नव्या लागणी ओसरल्या. ज्यांना १९८३-८४ मध्ये लागण होऊन गेली होती त्यांना मात्र याचा उपयोग नव्हता. प्रभावी औषधोपचार येईपर्यंत १९९६ उजाडले, म्हणजे नेमके चित्रपटाचे वर्ष.

हे सगळे स्कॉटलंडचे म्हणून दूर ठेवू नका. त्याच वर्षांत तीच तपकिरी भुकटी मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या नावाने पसरत होती. अनिल अवचट यांनी तिच्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे मदतीला आले, आणि १९८६ मध्येच पुण्यात अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. आपल्याकडे गर्दचा धूर प्रामुख्याने चांदीच्या कागदावर तापवून ओढला जाई. म्यानमारच्या सीमेवरील मणिपूरमध्ये हेरॉइन शिरेत टोचले जाई, सुया दुर्मीळ होत्या. तिथे १९८९-९० मध्ये विषाणू आढळला आणि काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत पोहोचला. पदार्थ तोच होता.

मग चित्रपट खोटा का? नाही. तो रेंटनच्या तोंडून सांगितलेला आहे, आणि रेंटनला धोरण दिसण्याचे कारण नव्हते. त्याला दिसत होती ती पुढची मात्रा. शिवाय ‘मी हे निवडले’ असे म्हणण्यात एक ताठा असतो. ‘माझ्यासाठी हे कोणीतरी ठरवले’ असे म्हणायला कोणत्याही विशीतल्या पोराला आवडत नाही. बॉयल आणि हॉज यांनी तो ताठा जसाच्या तसा पकडला, याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देते. चित्रपटाचा पुष्कळसा भाग ग्लासगोत चित्रित झाला, आणि हेरॉइन शिजवण्याचे, टोचण्याचे बारकावे नटांना समजावले ते ग्लासगोतल्याच व्यसनमुक्त झालेल्यांच्या कॅल्टन अॅथलेटिक या संघाने. सुरुवातीच्या फुटबॉल सामन्यात रेंटनच्या टोळीविरुद्ध खेळताना दिसतात ती हीच माणसे. एडिंबराची कथा सांगायला ग्लासगोतले वाचलेले लोक आले, ही गोष्ट मला चित्रपटातल्या कोणत्याही प्रसंगाइतकीच बोलकी वाटते.

माझा राग प्रेक्षकांवर, म्हणजे आपल्यावर आहे. आपण भित्तिपत्रक लावतो, रेंटनची यादी पाठ म्हणतो, टॉमीसाठी दोन मिनिटे हळहळतो आणि ‘बिचारा, एका खोडीने गेला’ असे म्हणून मोकळे होतो. टॉमीची लागण टाळता येण्यासारखी होती. ती टाळण्याची साधी, स्वस्त वस्तू शहरात होती, आणि सद्हेतूने वागणाऱ्या जबाबदार माणसांनी ती कपाटात कुलूपबंद केली होती.

पुन्हा पाहणार असाल तर रेंटनच्या टोळीला माल पुरवणाऱ्या स्वॅनीच्या खोलीतले प्रसंग जरा थांबवत पाहा. विनोदावर खुशाल हसा. फक्त खोलीत माणसे किती आहेत आणि सिरिंजा किती, तेवढे मोजा.