चढावर कळतो गट

वाचकहो, मिसिसागात उन्हाळा आला की आपल्यापैकी बरीच मंडळी शनिवारी सकाळी सायकली घेऊन बाहेर पडतात. पोर्ट क्रेडिटला सरोवराकाठी जमायचे, स्ट्रीट्सव्हिल मागे टाकायचे आणि क्रेडिट नदीच्या उगमाच्या दिशेने कॅलेडनच्या टेकड्यांत शिरायचे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५ मीटर, तर ऑरेंजव्हिल ४०० मीटरच्या आसपास. मध्ये नायगारा एस्कार्पमेंटचा कडा आडवा येतो. आपल्या सह्याद्रीपुढे तो ठेंगणाच, पण सायकलवर बसलेल्याला तसे वाटत नाही!

माझे म्हणणे थोडक्यात असे: ‘सर्वांची सहल’ म्हणून जाहीर केलेली सहल सर्वांत हळू चालवणाऱ्याला सांभाळून झाली पाहिजे, आणि तिच्यात विजेच्या सायकलीला मानाने जागा असली पाहिजे.

हे लिहावेसे वाटले, कारण माझ्या ओळखीतल्या साठी-सत्तरीच्या दोघातिघांनी यंदा सायकली गॅरेजमध्ये लावून टाकल्या. पाय अजून चालतात, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, हा संकोच त्यांना जड गेला. इथला हिवाळा लांब. उन्हाळ्यातली चार माणसांची सोबतही सुटली, तर या वयात घराबाहेर पडायला निमित्त तरी कोणते उरते?

आयुष्यभर शिकवण्याची सवय, म्हणून थोडा हिशेब मांडतो. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य अडथळा हवेचा. पुढच्याच्या आडोशाला राहिले की कष्ट बरेच कमी होतात, त्यामुळे कमी दमाचा माणूसही गटाबरोबर टिकतो. चढावर वेग घटतो, हवेचा अडथळा फारसा उरत नाही, उरते ते गुरुत्वाकर्षण. त्याला आडोसा नाही. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा आणि १०० मीटर उंची चढायची आहे असे समजा. घर्षण सोडून दिले तरी सुमारे ८३,००० ज्यूल ऊर्जा लागते. २०० वॅट शक्ती लावणारा तरुण सात मिनिटांत वर पोचेल, १०० वॅट लावणाऱ्या काकांना चौदा मिनिटे लागतील.

आता वर काय होते ते पाहा. तरुण मंडळी सात मिनिटे बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. काका धापा टाकत पोचले, की लगेच कोणीतरी म्हणते, “चला, सगळे आले, निघू या!” ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. असे तीन चढ झाले की काकांची सहल संपते.

आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही पुण्याहून पाचगणीला सायकलींवर जात असू. गिअर नव्हते. वाई सोडून पसरणी घाट लागला की पैलवान काय आणि काडीपैलवान काय, सगळे उतरून सायकली ढकलत. गट एकत्र राही, त्याचे श्रेय आमच्या सद्गुणांना नाही, त्या जड सायकलींना! आजच्या हलक्या, गिअरच्या सायकलींनी ती सक्ती काढून घेतली. एकत्र राहणे आता ठरवून करावे लागते.

विजेच्या सायकलीला काही जण ‘लबाडी’ म्हणतात. आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, तेव्हा दिवे घाटात रथाला ज्यादा बैलजोड्या जोडतात. कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या आगगाडीला मागून इंजिने लावतात. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. वरच्याच हिशेबात काकांच्या १०० वॅटमध्ये मोटरचे १०० मिळवा. सायकलीचे जादा वजन धरूनही चौदा मिनिटांची जेमतेम आठ होतात. ऑन्टारिओचा कायदाही या सायकलीला परवानगी देतो: मोटर ५०० वॅटपर्यंत, मोटरच्या जोरावर वेग ताशी ३२ किलोमीटरपर्यंत, चालवणारा किमान १६ वर्षांचा आणि डोक्यावर हेल्मेट.

तरुण म्हणतील, “आठवड्यातून एकच सकाळ मोकळी मिळते, आम्हाला घाम गाळायचा आहे.” अगदी रास्त. त्यांनी चढ जोरात चढावा, खाली येऊन पुन्हा चढावा आणि शेवटच्या माणसाबरोबर वर पोचावे. व्यायाम दुप्पट! किंवा वेगाची सहल वेगळ्या दिवशी ठेवावी आणि तिला तेच नाव द्यावे.

येत्या मे महिन्यात पहिली सहल कॅलेडन ट्रेलवेवर काढावी, असे मी सुचवतो. टेरा कोटा ते पालग्रेव्ह हा सुमारे ३५ किलोमीटरचा मार्ग जुन्या रेल्वेच्या वाटेवर आहे, आणि आगगाडीला तीव्र चढ चालत नसल्याने तो बेताचाच चढतो. अशा वाटांवर विजेच्या सायकलींसाठी स्थानिक नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहून घ्यावेत. एक अनुभवी सायकलस्वार कायम सर्वांत मागे असावा. उतारावर दोघांमध्ये भरपूर अंतर असावे. आणि प्रत्येक थांब्यावरची दहा मिनिटे शेवटचा माणूस सायकलवरून उतरल्यावर मोजायला सुरुवात करावी.

एवढा एक नियम पाळला, तरी गॅरेजमधल्या काही सायकली पुन्हा रस्त्यावर येतील. दिवाळीला भेटाल तेव्हा आपल्या ओळखीच्या एका काका-काकूंना तसे निमंत्रण आताच देऊन ठेवा. दिवाळीच्या शुभेच्छा!