भोंडल्याची खिरापत, उपवासालाही चालणारी

मैत्रिणींनो, नवरात्र जवळ आलं की घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. भोंडल्याला खिरापत काय करायची हा एक, आणि उपवास करणाऱ्यांच्या पोटात नऊ दिवस काय घालायचं हा दुसरा. दोन्हींचं ठरलेलं उत्तर म्हणजे साबुदाणा. आमच्याकडेही तेच होतं. सकाळी खिचडी, संध्याकाळी वडे.

गेल्या वर्षी चौथ्या माळेला शेजारी भोंडला होता. दरवर्षी फेरात पुढे असणाऱ्या आमच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, घसा सारखा कोरडा पडतोय." त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारच्या वहिनींकडे साखर मोजायचं यंत्र होतं, त्यावर आकडा आला तीनशेच्या वर! गोळी तर एकही चुकली नव्हती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चार दिवसांत काय काय खाल्लंत?" यादी ऐकून म्हणाले, "आजी, हा उपवास नव्हे, हे नुसतं पिठूळ खाणं झालं." घरी आल्यावर आमचे हे "उपवास सोड" म्हणून हटून बसले, आणि सासूबाई "लग्न झाल्यापासूनचा नेम आहे, मोडणार नाही" म्हणून. मधल्यामध्ये मी. उपवास मोडायचा नाही आणि आईंनाही सांभाळायचं, तर बदलायचं ते ताटच, एवढं मात्र मला कळलं.

साबुदाणा टॅपिओका नावाच्या कंदापासून करतात. तो जवळजवळ सगळा स्टार्च. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमही नसतात. गोड लागत नसला तरी पोटात गेला की त्याची भराभर साखर होते. उलट 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम आणि राजगिऱ्यात सुमारे 13 ग्रॅम प्रथिनं असतात. राजगिरा हे माठाच्या जातीच्या झाडाचं बी, त्यामुळे तो धान्यात मोडत नाही. वरई मात्र उपवासाला चालत असली तरी खरं म्हणजे बारीक धान्यच आहे, हे लक्षात ठेवा.

आता आमच्या घरी पसंत पडलेले तीन पदार्थ देते. जिरं, मिरची उपवासाला चालते की नाही, हे आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे बघावं.

सुरणाचे अप्पे
साहित्य : पाव किलो सुरण, 4 आमसुलं, पाऊण वाटी दाण्याचं जाडसर कूट, 3 चमचे राजगिऱ्याचं पीठ, 2 हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं, मीठ, 2 चमचे तूप.
कृती : हाताला तेल लावून सुरण सोलावा, नाहीतर हात खाजतात. फोडी आमसुलं घातलेल्या पाण्यात मऊ शिजवाव्यात, म्हणजे घशाला खवखवत नाही. पाणी पूर्ण निथळून, आमसुलं काढून फोडी कुस्कराव्यात. मिरची-जिरं वाटून, कूट, पीठ, मीठ घालून गोळे करावेत. अप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात तुपाचे दोन थेंब सोडून, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस करावेत. गोळा फुटू लागला तर पाणी राहिलंय असं समजून चमचाभर पीठ वाढवावं. एवढ्याच वड्या तळल्या असत्या तर कढईभर तेल लागलं असतं.

काकडीवरचा चक्का
अर्धा लिटर दुधाचं दही फडक्यात तीन तास टांगावं. चक्क्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, बारीक चिरलेली मिरची, मीठ आणि दोन चमचे कूट घालावं. काकडीच्या जाड चकत्यांवर चमचा-चमचा ठेवावं. हे आयत्या वेळीच करा, काकडीला पाणी सुटतं. निथळलेलं दह्याचं पाणी फेकू नका, मीठ-जिरं घालून प्यायला छान लागतं.

कुरकुरीत मखाणे
दोन वाट्या मखाणे चमचाभर तुपावर अगदी मंद आचेवर सात-आठ मिनिटं परतावेत. एक चुरडून बघावा, चटकन मोडला की झाले. अर्धी वाटी भाजलेले दाणे, मिरपूड आणि सैंधव घालून गार झाल्यावर डब्यात भरावेत. घाई करून आच मोठी केलीत तर बाहेरून काळे आणि आतून चिवट!

आणखी एक. भगरीचं तयार, सुटं पीठ शक्यतो आणू नका. सणाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. ओल लागली की पिठाला बुरशी धरते. भगर अख्खी आणावी, निवडून, धुऊन, कडक वाळवून भाजावी आणि लागेल तेवढीच घरी दळावी.

आणि ज्यांच्या घरी कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेतं, त्यांनी घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना विचारावं. रिकाम्या पोटी घेतलेल्या औषधानं साखर एकदम उतरूही शकते. घाम फुटला, हातपाय थरथरले, तर ताबडतोब साखरेचं पाणी द्यावं. त्या क्षणी उपवासाचा विचार करू नये. देवी काही रागावत नाही.

आठव्या माळेला भोंडला आमच्या अंगणात होता. डब्यात अप्पे झाकून ठेवले होते. मुलींनी बटाटेवडे, साबुदाणे वडे, इडली, अगदी रसगुल्ल्यापर्यंत सगळं ओळखून पाहिलं. सुरण कुणाच्याच तोंडी आला नाही! शेवटी सासूबाईंनीच डबा उघडला. त्या दिवशी त्यांचा आकडा दोनशेच्या आत आला होता. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय सुरणाला द्यायला नको. पण त्या पुन्हा फेरात उभ्या राहिल्या आणि नेमही मोडला नाही, याचं समाधान मोठं.

यंदा तुमच्या खिरापतीच्या डब्यात काय आहे, ते मुलींना ओळखू देऊ नका बरं का!