बेटावरचा ओटा कोणाचा?



अंदमानात स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) जायचं ठरलं, की घरचे म्हणतात, "स्वयंपाकघर असलेलं घर घेऊ, आपलं जेवण सांभाळलं जाईल." म्हणणं रास्तच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्यास्त. हॉटेलात त्याआधी रात्रीचं जेवण कोण देणार? पण सांभाळायचं कोणी? पाणी मी गाळायचं, तिथल्या भांड्यांत मासळी शिजलेली म्हणून कढई-तवा घरून मी न्यायचा, आणि चार वाजता सगळे समुद्रात डुंबत असताना पोळ्याही मीच लाटायच्या! नियम सगळ्यांचा, तर ओटाही सगळ्यांचा. घराचे फोटो नंतर बघा, आधी पोळ्यांच्या पाळ्या लावा. आमच्याकडे अजून लागल्या नाहीत, म्हणून मी आगाऊ पैसे भरलेले नाहीत.