नाव माता-पित्यांचे, शिक्षा एकट्या मातेला

2002 साली केंद्र सरकारने गर्भवतींसाठी एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ‘मातेकडून बालकाकडे’ हा जगात रूढ असलेला शब्द टाळून ‘माता-पित्यांकडून बालकाकडे’ होणारा संसर्ग असे त्याचे नाव ठेवले. नाव उचितच होते. विवाहित स्त्रीस हा संसर्ग बहुधा पतीकडूनच होतो. परंतु नावातला पिता कागदावरच राहिला. रक्त तपासले जाते स्त्रीचे, आणि औषध सुटले तर ‘बेफिकीर माता’ हा शिक्काही तिच्याच कपाळी!

विज्ञानाने आपले काम केले आहे. उपाय न योजल्यास बाधित मातांच्या शंभर बालकांपैकी 15 ते 45 बालकांना लागण होते; गरोदरपणापासून स्तनपान संपेपर्यंत औषध नियमित चालल्यास हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. 2014 पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म मोफत औषधोपचाराचे धोरण आहे. मग लागण झालेली बालके अजूनही का जन्मतात? याचे एक उत्तर घराच्या बंद दाराआड आहे.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावी राहणाऱ्या शेतमजूर स्त्रीचा विचार करावा. एका खोलीच्या घरात रोजची गोळी लपवायची कोठे? डबी सापडली की ‘हे कोठून आणलेस?’ हा प्रश्न, आणि उत्तराआधीच मार. औषधासाठी तालुक्याला वा जिल्ह्याला जावे, तर 2023 पासून एसटीचे तिकीट अर्धे झाले. बुडालेल्या मजुरीला आणि नवऱ्याच्या संशयाला सवलत नाही. निरोधाचा आग्रह धरण्याची तर सोयच नाही. गरोदरपणी निर्दोष ठरलेल्या स्त्रीस पुढे बळजबरीच्या संबंधातून लागण झाली, तर त्या आरंभीच्या काळात विषाणू रक्तात विपुल असतो आणि दुधावाटे बाळापर्यंत पोचतो.

2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे झालेल्या अभ्यासात, पतीकडून शारीरिक व लैंगिक असा दुहेरी अत्याचार सोसणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीचे प्रमाण अत्याचारमुक्त स्त्रियांच्या जवळजवळ चौपट आढळले. मारहाण हीदेखील रोगाची वाहक आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

कायदे आहेत. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा संरक्षण अधिकारी देतो. 2017 चा एचआयव्ही कायदा सांगतो, की पतीस कळविल्याने स्त्रीवर हिंसा होण्याची वा तिला टाकून दिले जाण्याची रास्त भीती असल्यास आरोग्यसेवकाने त्यास कळवू नये. पण एक कायदा एका खात्याच्या कपाटात, दुसरा दुसऱ्याच्या! प्रसूतिपूर्व तपासणीत ‘घरी मारहाण होते काय?’ हा प्रश्न एकांतात विचारला जावा, संरक्षण अधिकारी ग्रामीण रुग्णालयात ठरल्या दिवशी हजर असावा, अनेक महिन्यांची औषधे एकदम मिळावीत, आणि स्त्रीच्या संमतीने पतीचीही तपासणी व्हावी, या मागण्यांसाठी मोर्चा निघाला पाहिजे.

मात्र मोर्चापूर्वी कार्यकर्त्यांनी स्वतःचा उंबरठा झाडावा. मजुरीच्या लढ्यात आघाडीवर असणारा साथी शेजारच्या घरातील किंकाळी ‘नवरा-बायकोची खासगी बाब’ म्हणून ऐकून घेतो, तेव्हा तो मालकशाहीच्याच एका रूपास अभय देतो. शेतावरचा जुलूम तेवढा राजकीय आणि चुलीपाशी होणारा घरगुती, हा भेद समाजवादाला मान्य नाही. त्या भेदाची किंमत, अद्याप एक शब्दही न बोललेले मूल आपल्या रक्ताने चुकवीत आहे.