वेड एका जनरलचे नव्हे!

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या 1964 च्या चित्रपटाचा अर्थ बूर्झ्वा समीक्षा फार सोयीस्कर लावते. एका अमेरिकन जनरलचे डोके फिरते, तो सोव्हिएत संघावर अणुहल्ल्याचा हुकूम सोडतो आणि जगाचा अंत होतो. तेव्हा दोष काय तो मानवी वेडाचा! म्हणजे जनरल बदलला की प्रश्न मिटला.

वस्तुतः चित्रपट याच्या नेमके उलट दाखवतो. जनरल रिपरचा हुकूम निघतो तो मंजूर योजनेच्या आधारे. वरची सत्तासाखळी तुटली तरी प्रतिहल्ला करता यावा, म्हणून खालच्या सेनाधिकाऱ्याला हा अधिकार दिलेला असतो आणि त्याला मान्यता असते खुद्द राष्ट्राध्यक्षांची! हवाई तळावर गोळीबार चालू असता फलक झळकतो: ‘शांतता हाच आमचा व्यवसाय’. हे काही कुब्रिक यांनी रचलेले नाही. अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचे ते खरोखरीचे ब्रीदवाक्य होते.

असे घडणे आपल्या सुरक्षाव्यवस्थेमुळे अशक्य आहे, ही अमेरिकन हवाई दलाची ग्वाही चित्रपटाच्या आरंभीच दिलेली आहे. या ग्वाहीची किंमत काय? आयझेनहॉवर यांनी विशिष्ट आणीबाणीत, राष्ट्राध्यक्षांना न विचारता, अण्वस्त्रे वापरण्याचा अधिकार काही सेनापतींना आधीच देऊन ठेवला होता. केनेडींच्या काळातही तो कायम राहिला. ही कागदपत्रे खुली व्हायला कित्येक दशके जावी लागली. जानेवारी 1966 मध्ये स्पेनमधील पालोमारेस गावावर बी-52 विमान कोसळले, त्यातील चार हायड्रोजन बॉम्बपैकी दोहोंची साधी स्फोटके फुटली आणि शेतांत प्लुटोनियम पसरले. तेथे तर कोणाचे डोकेही फिरले नव्हते.

एक-दोन कोटी मृत्यू म्हणजे परवडणारा सौदा, हा जनरल टर्जिडसनचा हिशेबही हवेतून आलेला नाही. रँड कॉर्पोरेशनमध्ये काम केलेल्या हर्मन कान यांनी 1960 मध्येच अणुयुद्धातील मृतांचे तक्ते छापले होते. माणसांचा असा हिशेब मांडणाऱ्या या विद्वत्तेला समीक्षक वेड म्हणत नाहीत!

प्रलययंत्र चित्रपटात सोव्हिएतांच्या हाती दिले, याचा राग धरण्याचेही कारण नाही. नेतृत्व नष्ट झाले तरी प्रतिहल्ला व्हावा यासाठी ‘पेरिमीटर’ नावाची यंत्रणा सोव्हिएत संघाने 1980 च्या दशकात उभारली, हे सत्य आहे.

चित्रपटाचा खरा उणेपणा वेगळा आहे. युद्धकक्ष, विमान, हवाई तळ यांपलीकडे कॅमेरा जवळजवळ जातच नाही. जे मरणार, ते कुठेच दिसत नाहीत. मग त्यांनी प्रतिकार करण्याचा प्रश्नच उरत नाही आणि प्रेक्षक हसत हसत हताश होतो. इतिहास असा नव्हता. नोव्हेंबर 1961 मध्ये अमेरिकेच्या अनेक शहरांत हजारो स्त्रिया अणुचाचण्यांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. ऑगस्ट 1963 मध्ये, चित्रपट झळकण्याच्या काही महिने आधी, मॉस्कोत अंशतः चाचणीबंदीच्या करारावर सह्या झाल्या. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करणारा 1987 चा करार 2019 मध्ये अमेरिकेने मोडीत काढला, तेव्हा मात्र रस्ते जवळजवळ रिकामे होते.