वयावरून भाव ठरला, उद्या कशावरून ठरेल?

टिंडरच्या खटल्याचा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत काढला की आधी हशा पिकतो. 'डेटिंग ॲपवर जास्त पैसे मोजावे लागले, हा काय अन्याय झाला का?' असे कोणीतरी विचारतेच. प्रश्न चुकीचा नाही. रोज अत्याचाराच्या बातम्या वाचणाऱ्या समाजाला हे दुखणे चैनीचे वाटणारच. तरीही हा खटला आपल्या तरुणांनी समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते. कारण त्यात वापरला गेलेला कायदा आणि कंपनीने केलेला बचाव, दोन्हींशी आपला जवळचा संबंध आहे.

आधी घटना पाहू. 2015 च्या मार्चमध्ये टिंडरने 'टिंडर प्लस' ही पैसे भरून घ्यायची सेवा सुरू केली. अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना महिन्याला 9.99 किंवा 14.99 डॉलर आणि तिशी गाठलेल्यांना 19.99 डॉलर, असा दर होता. सेवा तीच, बटणे तीच, फक्त जन्मतारीख वेगळी. कॅलिफोर्नियातल्या एका ग्राहकाने आपल्यासारख्या सर्वांच्या वतीने दावा लावला. आधार होता त्या राज्याचा 1959 चा अनरुह नागरी हक्क कायदा. व्यवसाय करणाऱ्याने कोणाशीही भेदभाव न करता पूर्ण आणि समान सेवा द्यावी, असे हा कायदा सांगतो.

कंपनीचा बचाव असा, की तरुणांकडे सरासरीने पैसा कमी असतो, म्हणून त्यांना स्वस्त दिले. खालच्या कोर्टाला हे पटले. जानेवारी 2018 मध्ये अपील कोर्टाने मात्र तो निकाल फिरवला. सरासरी काहीही असो, तिशीपुढचा प्रत्येक माणूस सुखवस्तू नसतो आणि तिशीच्या आतला प्रत्येक जण तंगीत नसतो. गटावर एक शिक्का मारून त्या गटातल्या प्रत्येकाकडून वेगळा भाव घेणे या कायद्यात बसत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

'तुमच्या गटातले लोक साधारणपणे असे असतात, म्हणून तुम्हीही तसेच असणार.' हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? भाड्याने खोली मागायला गेल्यावर ऐकले आहे. मुलाखतीत आडनाव विचारल्यानंतरच्या शांततेत ऐकले आहे. वय आणि जात यांची बरोबरी आम्ही करत नाही. तिशी प्रत्येकाला गाठायचीच असते. जात जन्माने चिकटवली जाते आणि मेल्यावर स्मशानापर्यंत पाठलाग करते. पण माणसाला बाजूला सारून त्याच्या गटाकडे पाहण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. गावच्या हॉटेलात चहाचा दर सर्वांना सारखा होता, आपल्यासाठी कप वेगळा होता. इथे कप एकच ठेवून दर वेगळा केला.

आता अडचणीचा प्रश्न. 'प्रत्येकाला व्यक्ती म्हणून पाहा, गट म्हणून नको' हाच युक्तिवाद उद्या आरक्षणाविरुद्ध फेकला जाईल. खरे तर रोज फेकला जातोच. त्याचे उत्तर याच निकालात आहे. लहान मुले किंवा ज्येष्ठ नागरिक यांना दिल्या जाणाऱ्या सवलती कोर्टाने वेगळ्या मानल्या, कारण त्यांच्यामागे कायद्याने मान्य केलेले सार्वजनिक धोरण असते. टिंडरच्या दरामागे होता तो बाजाराचे तुकडे पाडून जास्त कमाई करण्याचा हिशोब. आरक्षणामागे संविधानाचे कलम 15(4) आणि 16(4) उभे आहे, शतकांच्या वंचनेचा पुरावा उभा आहे. विषमता मोडण्यासाठी गट पाहणे वेगळे आणि नफ्यासाठी गट पाडणे वेगळे. हा फरक ज्याला सांगता येत नाही, तो वादात हरतो.

दुसरी गोष्ट कायद्याच्या यादीची. अनरुह कायद्याच्या यादीत वंश, धर्म, लिंग वगैरे शब्द आहेत. 'वय' हा शब्द नाही. पण ही यादी उदाहरणादाखल आहे, ती तिथेच संपत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्येच म्हटले होते. त्या वाटेने वयालाही संरक्षण मिळाले. याच कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख यावा म्हणून तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी 2023 मध्ये एसबी 403 या विधेयकासाठी झुंज दिली, सॅक्रामेंटोत उपोषण केले. दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झाले आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. आहे त्या कायद्यात जातीय भेदभावाला आधीच बंदी आहे, असे कारण त्यांनी दिले. ठीक आहे. मग तेच कारण हातात घेऊन कोर्टात जाता येते. यादीत नाव नाही म्हणून घरी बसायचे नसते, हे या खटल्याने दाखवले.

आपल्याकडे बाबासाहेबांनी हा विचार आधीच करून ठेवला आहे. दुकाने, हॉटेले यांत भेदभावाला मनाई करणारे आजचे कलम 15(2) संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी चर्चेला आले, तेव्हा 'दुकान' म्हणजे काय असा प्रश्न निघाला. येणाऱ्या कोणालाही सेवा देण्यास मालक तयार असतो ती जागा, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. 2011 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच अर्थाचा आधार घेतला. त्या अर्थाने मोबाईलमधले ॲप हे दुकानच आहे, असे आमचे म्हणणे आहे. कलम 15(2) मध्ये वय नाही. पण धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे. ॲपचा भाव कोणत्या माहितीवरून ठरतो हे आपल्याला दिसत नाही. आज जन्मतारीख पाहिली, उद्या पिनकोड आणि आडनाव पाहिले तर कळणार कसे? युरोपात ग्राहक यंत्रणांनी दबाव आणल्यावर, दर व्यक्तीनुसार बदलत असेल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचे 2024 मध्ये टिंडरला कबूल करावे लागले. ही मागणी आपणही केली पाहिजे.

शेवटी तडजोडीचा धडा. फेडरल कोर्टात याच विषयावर दुसरा सामूहिक दावा चालू होता. त्यात 2019 मध्ये 1 कोटी 73 लाख डॉलरची म्हणून एक तडजोड जाहीर झाली. दोन लाखांहून अधिक ग्राहकांना मिळणार काय? ॲपमध्येच वापरायचे 50 'सुपर लाइक', आणि अर्ज केला तर 25 डॉलर रोख किंवा आणखी काही कुपने. वकिलांना मात्र 12 लाख डॉलर रोख. मुदतीत अर्ज करणारे एक टक्क्याहूनही कमी निघाले. कायद्यात प्रत्येक उल्लंघनाला किमान 4,000 डॉलरची तरतूद असताना ही बोळवण होती. काही सदस्यांनी हरकत घेतली. वरच्या कोर्टाने 2021 मध्ये तडजोडीची मंजुरी रद्द केली. 2023 मध्ये तर सर्वांच्या वतीने बोलायला ती मुख्य दावेदारच योग्य नाही, असे ठरवले. मूळचा राज्यातला दावा चिकाटीने चालत राहिला आणि 2025 मध्ये कंपनी सुमारे 6 कोटी डॉलर द्यायला तयार झाली. हरकत घेणारे गप्प बसले असते, तर प्रकरण कुपनांवरच मिटले असते.

आपल्या नावाने कोण वाटाघाट करतो आणि पदरात काय पाडून घेतो, हे तपासत राहायला हवे. चळवळीला हा अनुभव नवा नाही. कुपने घेऊन स्वस्थ बसलेले नेते आपणही पाहिले आहेत.

मग करायचे काय? एकाच सेवेसाठी दोघांना दोन दर दिसले तर तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 35 नुसार आयोगाच्या परवानगीने एकाला अनेकांच्या वतीने तक्रार करता येते. आपल्यातल्या वकिलांनी ते कलम विहारात समजावून सांगावे. आणि पुढच्या वेळी कोणी 'तुमच्यासारख्यांचे साधारणपणे असेच असते' म्हणाले, तर हसून सोडून देऊ नका. तिथल्या तिथे कारण विचारा.

जय भीम!