तुमचं बरं आहे, दिवसभर पुस्तकं!

भाजीची पिशवी काउंटरवर टेकवत कितीजणी मला हे म्हणतात! मी हसते आणि तारखेचा शिक्का मारते. खरं सांगू का मैत्रिणींनो, ग्रंथालयात लागल्यापासून माझं वाचन निम्म्यावर आलं. हलवायाला मिठाईची गोडी राहत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

सकाळी कुलूप निघायच्या आधीच पेन्शनर मंडळी पायरीवर हजर. पेपर एक आणि वाचणारे सहा, म्हणजे काय होतं ते तुम्हाला घरच्या अनुभवावरून ठाऊक आहेच. मग परत आलेली पुस्तकं जागी लावा, थकलेल्या वर्गणीची आठवण करा, दाखल नोंदवही भरा. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं. आमचा पगार त्यातच. हप्ता लांबला की पगार लांबला, आणि वाण्याला मात्र हे काही सांगून पटत नाही.

त्याहून राग येतो ब्लेडचा. मासिक आलं की आठवड्याच्या आत पाककृतीचं पान गायब! विणकामाचा नमुनाही सुटत नाही. पुरुषांना उगीच दोष देण्यात अर्थ नाही, हे काम आपल्यापैकीच कुणाचं तरी. अगं, वही आण, उतरून घे! मागून येणारीने अर्ध्या कृतीवर अनारसे करायचे का?

पण आज मनात आहे ते वेगळंच. एक बाई दर बुधवारी दुपारी अडीचला यायच्या. घरची निजानीज झाली की मागच्या दाराने निघत असाव्यात. पुस्तक नेहमी पदराखाली. एकदा पावसाळ्यात तीन आठवडे आल्याच नाहीत. आल्या तेव्हा हातात कादंबरी, पापडासारखी फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. खिडकीत राहिली, भिजली, घाबरून त्यांनी ती गॅसशेजारी ठेवून वाळवली होती. मी नियमाची पाटी दाखवली. पुस्तक बाजारात मिळत नव्हतं, म्हणून दुप्पट किंमत. "घरी विचारून सांगते," म्हणाल्या. पुन्हा आल्या नाहीत. पैसे मागायचे म्हणजे पुस्तकं वाचतो हेही घरी सांगायचं, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. बाई असून!

तेव्हापासून भिजलेल्या पुस्तकाची कृती मी येईल तिला सांगते, तुम्हीही ऐका. पुस्तक उन्हात टाकायचं नाही, गॅसशेजारी नाही, वरून इस्त्री तर मुळीच नाही. आधी कोरड्या सुती फडक्याने वरचं पाणी टिपा, चोळू नका. दहा-पंधरा पानांमागे एक कोरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई पानांवर उतरते. पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि कागद ओले झाले की बदला. गुळगुळीत कागदाची मासिकं असतील तर पानं ओली असतानाच हलक्या हाताने सुटी करा, वाळल्यावर ती सुटत नाहीत. ओल गेली की पुस्तक बंद करून वर धान्याचा जड डबा ठेवा, दोन दिवस. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि खाली तेलकट डाग उरतो. पातळ कागदाची पट्टी आणि कणकेची खळ पुरते. खळीत बाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण ते विषारी, घरात मुलं असतील तर ते काम बाइंडरकडेच द्या.

ती कादंबरी मी जमेल तेवढी सुटी केली. चाळीसेक पानं गेलीच, बाकी वाचता येते. मी ती कपाटात पुन्हा लावली आहे. दंडाचा नियम समितीपुढे मांडला, तेव्हा एक सभासद म्हणाले, "बाई, असं सगळ्यांना सोडलं तर ग्रंथालय चालायचं कसं?" त्यांचंही खोटं नाही. अखेर "दुरुस्त होण्याजोगं असल्यास फक्त बाइंडिंगचा खर्च" एवढी ओळ पाटीवर वाढली.

त्या बाईंची अनामत वहीत तशीच आहे. बुधवारी अडीचला दार वाजलं की अजून मान वर होते. तुमच्याकडे असं एखादं पुस्तक लपवून ठेवलेलं असेल, तर ओलं असेल तसंच घेऊन या.